एका शब्दात नामावळी

आमच्या घराण्यात बाईने नामावळीला हात लावायचा नाही, असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. लिहिला असता तर खोडता तरी आला असता. दोनशे वर्षं तो सगळ्यांना नुसता माहीत होता. मी त्याच घरात जन्मले, वाढले, नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे मलाही तो पाठ होता.

आम्ही रामघाटावरचे पुराणिक. साताऱ्याकडची काही गावं आमची. आमची म्हणजे तिथला कुणी काशीला आला की तो आमचा यजमान. त्याने नावगाव सांगायचं, आम्ही बाड उघडायचं, आणि त्याचा बाप, आजा, पणजा कोणत्या साली आले, बरोबर कोण होतं, कुणाचं श्राद्ध केलं, ते वाचून दाखवायचं. मग तो त्याच पानावर स्वतःच्या हाताने आपली नोंद करतो. ती पुढे कुणी खोडत नाही. अशी अकरा बाडं घरात आहेत, त्यातली सात मोडीत.

माझा थोरला भाऊ नरहर, म्हणजे दादा, ही नामावळी सांगत आला. मग त्याला काचबिंदू झाला. नजर पुरती जायच्या आधी तीन वर्षं तो भिंग लावून मोडी वाचायचा, पानं उलटायचा, आणि मी ते ऐकून कम्प्यूटरवर चढवायची. सरकारी कचेरीतल्या चौतीस वर्षांपैकी माझी अठरा संगणक विभागात गेली, एवढं मला येत होतं. दादाचा मुलगा श्रीनिवास बंगळूरला असतो. त्याने नामावळी घरात न ठेवता दूरच्या एका भाड्याच्या मशीनवर ठेवून दिली. म्हणाला, गंगा स्वयंपाकघरात आली तरी नामावळी कोरडी राहील. आयुष्यात घरासाठी त्याने एवढं एक काम केलं, पण चांगलं केलं.

प्रश्न होता, आता सांगणार कोण. दादाला दिसेना, श्रीनिवास येईना. भाऊबंद जमले. चुलतभावाचा मुलगा काशीनाथ तयारच होता. वय बत्तीस, कुर्ता इस्त्रीचा, आवाज खणखणीत, आणि अकरा बाडं मावतील असं कपाट त्याने आधीच करून घेतलं होतं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर दादा म्हणाला, "शरू सांगेल." शरू म्हणजे मी. मग त्यानेच पुढे जोडलं, "पण एक नाव चुकलं, की बाडं काशीनाथकडे."

मी एकसष्ट वर्षांची आहे. लग्न केलं नाही, त्याची चौकशी करणारे आता उरले नाहीत. कचेरीत बढती मिळाली तेव्हा पेढे मीच आणले आणि मीच वाटले. पण दादा "शरू सांगेल" म्हणाला तेव्हा मी आत जाऊन दोन पेले पाणी प्यायले. ती जागा मला हवी होती. किती वर्षांपासून हवी होती, ते मलाही तेव्हाच कळलं.

आता नामावळी उघडायची रीत सांगते. काळ्या खिडकीत एक लांबलचक ओळ टाइप करायची. आधी प्रोग्रामचं नाव. मग मशीनचा पत्ता, तो वीतभर. मग त्या मशीनचं कितवं दार ठोठावायचं तो आकडा. मग आपण कोण, आणि शेवटी कोणती नामावळी हवी तिचं नाव. एवढं झालं की ते परवलीचा शब्द विचारतं, आणि श्रीनिवासने निवडलेला शब्द म्हणजे बोटांची कवायत. एक टिंब चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मी टाइप करताना ती ओळ मोठ्याने म्हणत असे, आणि शेजारी पाटावर बसलेला दादा प्रत्येक तुकड्याला "हं" म्हणत असे.

दादाला ही ओळ फार आवडायची. म्हणायचा, "हा संकल्पच आहे, शरू. पूजेला बसलो की आपण आधी काय सांगतो? कोणत्या देशात, गंगेच्या कोणत्या तीरावर, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीला, अमुक गोत्राचा अमुक मी हे करतोय. देवाला काय ते माहीत नसतं? पण सांगायचं. आपण कुठे बसलोय ते आपल्याला कळावं म्हणून सांगायचं."

"देव एकदा ऐकून गप्प बसतो," मी म्हटलं. "हे दिवसातून बारा वेळा विचारतं."

बारा वेळा विचारण्याचं कारण मशीन नव्हतं, आमची गल्ली होती. इथे लाईट जाते. लॅपटॉप चालू राहतो, पण इंटरनेटचा डबा विझतो आणि जोडणी तुटते. लाईट आली की पुन्हा पत्ता, दार, नाव, गाव. एरवी ठीक होतं. पितृपक्षात दारात चपलांचा ढीग असतो आणि यजमानाला घाई असते.

पितृपक्षातल्या सप्तमीला कोरेगावकडचं एक कुटुंब आलं. मी ओळ टाइप केली, लाईट गेली. आली, पुन्हा टाइप केली, टिंब चुकलं. तिसऱ्यांदा परवलीचा शब्द चुकला. काशीनाथ रोज सकाळी मदतीला म्हणून उंबऱ्याशी येऊन बसायचा. मदत कसली, माझी चूक कधी होते ते बघायला. तो उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "आत्या, तब तक ह्यांना चाय पाजून आणतो." चहा त्याच्या घरी झाला, संकल्प त्याच्या घरी झाला, आणि कुटुंब परस्पर घाटावर गेलं. संध्याकाळी आला तेव्हा म्हणतो, "टेंशन नहीं लेना आत्या, उम्र झाली की बोटं अडखळतातच."

माझी बोटं अडखळतात? चौतीस वर्षं ज्या बोटांनी अख्ख्या कचेरीचं टायपिंग केलं ती? काशीनाथला बोलले असते तर आनंदीवहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, मध्ये पडून त्याला पुन्हा चहा दिला असता.

मी लॅपटॉप उघडला. ह्यावर उपाय असतो, तो मला माहीत होता, आळसामुळे केला नव्हता. एक छोटी फाइल असते. तिच्यात पत्ता, दार, आपलं नाव, परवलीचा शब्द आणि नामावळीचं नाव एकदा लिहून ठेवायचं, आणि त्या सगळ्याला मिळून एक नाव द्यायचं. पुढे तेवढा एक शब्द टाइप केला की दार उघडतं. फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करायची, म्हणजे झालं.

कचेरीतली सवय अशी की कुठलीही नवी गोष्ट आधी सरावावर करून बघायची. श्रीनिवासने मला शिकायला म्हणून नामावळीची हुबेहूब नक्कल करून दिली होती, तिचं नावच सराव. नोंद घालायची कशी, बदलायची कशी, पुसायची कशी, ते मी तिथे शिकले. त्यासाठी खोटी नावं लागत, ती मी कचेरीतून आणली. अख्खी कचेरी मी सातारा जिल्ह्यात वाटून टाकली होती. शिपायाला एका घराण्यात जावई केलं, टपाल बघणाऱ्या बाईला दुसऱ्या घरात आत्या. आणि आमचे साहेब ढुंढिराज पाध्ये, जे बारा वर्षं माझ्या डोक्यावर बसले होते, त्यांना जगदाळ्यांच्या घराण्यात पणजोबांचा धाकटा भाऊ म्हणून घातलं. शेऱ्यात मन मोकळं केलं: स्वभाव तिरसट. जेवणाची हौस. सही करण्यास दिरंगाई. शके १८४२ च्या भाद्रपदात काशीस आले, परत गेल्याचे दिसत नाही. साहेबांनी लांब कुठेतरी जावं आणि परत येऊ नये, ही माझी बारा वर्षांची इच्छा होती.

तर आधी सरावासाठी फाइलीत नोंद केली. ती एका शब्दात उघडली. मग तिचीच नक्कल काढून खाली चिकटवली, बदल केले, तिला नामावळी असं नाव दिलं. तो शब्द टाइप केला. क्षणात घराणी भराभर समोर आली. मी दादाला सांगितलं.

"म्हणजे एकदाच सांगून ठेवलेला संकल्प?" दादा म्हणाला.

"हो. जपून ठेवलेला."

"मग रोज कुठे बसलोय ते कोण बघणार?"

"मशीन बघेल."

"त्याला दिसतं का?"

ज्याला दिसत नाही त्याने हे विचारावं! मी मनात म्हटलं, ह्याला दिवसभर "हं" म्हणायला मिळणार नाही, म्हणून हे चाललंय.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. सकाळी साताऱ्याकडून निवृत्ती जगदाळे आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, डोक्याला टोपी, बरोबर बायको इंदूबाई. काशीनाथ उंबऱ्याशी होताच. दादा पाटावर. मी एक शब्द टाइप केला, आणि जगदाळ्यांनी चपला काढून मांडी घालेपर्यंत त्यांचं घराणं माझ्यासमोर उघडं होतं. काशीनाथचं तोंड बघण्यासारखं झालं. मी ते बघत बसले, हीच माझी चूक.

कारण मी काशीनाथकडे बघत बघत वाचत होते. सवय इतकी की डोळा एका ओळीवर, जीभ दुसऱ्या ओळीवर. "आजोबा अमुक, शके अमुक. पणजोबा सखाराम. सखारामांचे धाकटे बंधू ढुंढिराज. शके अठराशे बेचाळीसच्या भाद्रपदात काशीस आले, परत गेल्याचे दिसत नाही. स्वभाव तिरसट..."

पुढे "जेवणाची हौस" दिसलं आणि मी वाचायची थांबले. मी सरावात बसले होते. नक्कल चिकटवताना वरचं नाव बदललं, माझं नाव बदललं, परवलीचा शब्द बदलला, आणि शेवटची ओळ, कोणती नामावळी हवी ती, तशीच राहिली. दाराला नामावळीची पाटी लावली होती आणि आत सराव होता. लांब ओळ मोठ्याने म्हटली असती तर "सराव" हा शब्द दादाने ऐकला असता आणि तिथेच "हं" अडकला असता.

मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात समोर जगदाळे रडत होते.

"आजोबा सांगायचं," ते उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "आपल्यातला येक काशीला गेला तो आलाच न्हाई. नाव कुनाला ठावं नव्हतं. ढुंढिराज. काशीच्या गणपतीचंच नाव की हे. नवसानं झाला आसंल, म्हनून तर काशीला आला."

"आनि तिरसट म्हंजी ह्यांच्याच घरातला," इंदूबाई म्हणाल्या. "वाचाया नगंच पुढं."

दादाचा चेहरा उजळला होता. यजमानाचा हरवलेला माणूस नामावळीत सापडणं ह्यापरतं सुख आमच्या धंद्यात नाही. आणि उंबऱ्याशी काशीनाथ, मान पुढे काढून, कान टवकारून. एक नाव चुकलं, की बाडं काशीनाथकडे. मी तोंड मिटलं. लाज वाटते सांगायला, पण मिटलं. वाटलं, यजमान गेला की फाइल नीट करीन, कोणाला कळणार आहे.

जगदाळे म्हणाले, "गुर्जी, त्याच्या नावाचा पिंड आजपातुर कुनी दिला न्हाई. आज द्यायचा."

घाटावर पाणी नुकतंच उतरलं होतं, पायऱ्यांवर गाळ. खालच्या कोरड्या पायरीवर बसून दादा एकेक नाव घेत होता, जगदाळे पाणी सोडत होते. मी तीळ आणि दर्भ घेऊन उभी. ढुंढिराजाचं नाव तीनदा आलं. तिन्ही वेळा मी तीळ पुढे केले. जिवंत माणसाच्या नावाने पिंड चालला होता, आणि माणूस परका नव्हता, चांगला ओळखीचा होता.

तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. पाध्ये साहेब शिंदे घाटाकडून फिरायला आले होते, रोज येतात. वय एकोणऐंशी, तब्येत ठणठणीत.

"शरदिनीबाई," ते म्हणाले आणि मध्येच उचकले, "सकाळपासून उचकी थांबत नाही बघा. कोण एवढी आठवण काढतंय?"

"पाणी प्या, साहेब. घरी जाऊन प्या," मी म्हटलं.

पण दादाने आवाज ओळखला. "कोण, ढुंढिराज का?"

जगदाळ्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांनी वर पाहिलं, साहेबांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "आपलं नाव ढुंढिराज?"

"हो. ढुंढिराज पाध्ये." उचकी.

"गुर्जी," जगदाळ्यांनी दादाचे पाय धरले, "त्याच्या नावचा ब्राह्मन म्हनून ह्यास्नीच जेवाया बसवायचं. त्यानंच धाडलंय त्यास्नी."

मी म्हटलं, साहेबांना पथ्य आहे. साहेब म्हणाले, कसलं पथ्य, मला कुठलंही पथ्य नाही. मी म्हटलं, ब्राह्मण दुसरे सांगितलेत. दादा म्हणाला, पितृपक्षात ब्राह्मण मिळतोय कुठे, काल आपण एकच जेवू घातला. मग साहेबांनी विचारलं, वहिनींनी वडे केलेत का. केले होते. झालं, विषय संपला.

दुपारी पाध्ये साहेब आमच्याकडे पाटावर बसून स्वतःचं श्राद्ध जेवले. खीर तीनदा घेतली. अळूची भाजी दोनदा. वडे किती ते मी मोजले नाहीत, पण वहिनी दुसरा घाणा काढायला उठली. जगदाळे हात जोडून समोर उभे होते आणि प्रत्येक घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. "जेवनाची हौस हुती आसंल न्हवं त्याला बी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "असावी."

जेवणं झाली. आता यजमानाने बाडात लिहायचं. काशीनाथने जगदाळ्यांचं पान उघडून दिलं, बाड चौरंगावर ठेवलं. कम्प्यूटर आला तरी हे आम्ही सोडलेलं नाही, आणि सोडणारही नाही. जगदाळ्यांनी चष्मा लावला, आपलं नाव लिहिलं, बापाचं, आजाचं, पणज्याचं. अक्षर सावकाश, पण टपोरं.

"आनि ढुंढिराजाचं?" ते म्हणाले. "सखारामाच्या बाजूला लिवू का खाली?"

फाइल मला पुसता आली असती. सराव मला पुसता आला असता. बाडातलं मात्र ह्या घरात दोनशे वर्षांत कुणी खोडलं नव्हतं. तिथे एकदा ढुंढिराज आला असता तर जगदाळ्यांचा पणतू त्याचे पिंड देत राहिला असता, आणि त्याचाही पणतू. जगदाळ्यांनी पेन टेकवायला आणि मी पानावर हात ठेवायला एकच गाठ पडली. त्या पानावर मी आधी कधी हात ठेवला नव्हता. तीन वर्षं पानं दादाच उलटत होता.

"लिहू नका," मी म्हटलं. "दादा, नाव चुकलंय. ढुंढिराज म्हणून कुणी नव्हता. मी सरावातून वाचलं."

मग सगळं सांगितलं. फाइल सांगितली, राहिलेली ओळ सांगितली, सकाळीच कळलं होतं आणि तोंड दाबून बसले तेही सांगितलं. तो ढुंढिराज कुठून आला ते सांगताना मान खाली घालून सांगितलं, कारण तो समोर सुपारी कातरत बसला होता.

साहेबांची सुपारी थांबली. "म्हणजे मी माझंच श्राद्ध जेवलो?"

"खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं म्हणतात," वहिनी आतून म्हणाली.

"ते असू दे. शेऱ्यात काय लिहिलं होतं, शरदिनीबाई?"

मी सांगितलं. तिरसट त्यांनी ऐकून घेतलं, हौस ऐकून घेतली. "सही करण्यास दिरंगाई" म्हटल्यावर मात्र ते उठून उभे राहिले. "वाचल्याशिवाय मी सही करत नसे. त्याला दिरंगाई म्हणतात?" आणि काठी घेऊन निघाले. दारातून परत आले, वहिनीला म्हणाले, खीर उत्तम होती, आणि गेले. उचकी थांबली होती.

मी लॅपटॉप ओढला. या वेळी लांब ओळ घातली, मोठ्याने म्हणत. पत्ता. दादा "हं" म्हणाला नाही. दार. माझं नाव. नामावळीचं नाव. खरी नामावळी उघडली. जगदाळ्यांचे पणजोबा सखाराम, आईबापांचे एकुलते एक. भाऊ नाही, बहीण नाही, हरवलेलं कुणी नाही.

"म्हंजी तिरसटपना तुमचा सोताचाच," इंदूबाई नवऱ्याला म्हणाल्या.

जगदाळे हसले नाहीत. चष्मा काढून हातात धरून बसले. "मग आजोबा सांगायचं तो कोन?"

त्या माणसाचा एक पूर्वज मी सकाळी दिला आणि दुपारी काढून घेतला. मला फार वाईट वाटलं. बोलला तो दादा. "यजमान, आजोबांच्या कानावर आलेला माणूस असेलही, चुलत असेल, आमच्याकडे आलाच नसेल. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, ज्याचा आपला संबंध आहे की नाही तेही ठाऊक नाही, त्यालाही तर्पणात शेवटी पाणी असतं. ते मी सकाळी सोडायला लावलं होतं तुम्हाला. तुमचं पाणी कुठेही वाया गेलेलं नाही." जगदाळ्यांनी मान हलवली, नोंदीखाली सही केली, आणि दादाच्या पाया पडले. माझ्याही पडले. मी मागे सरले तरी पडले.

ते गेल्यावर काशीनाथने घसा साफ केला. "काका, बात तर झालीच होती. बाडं मी शामतक नेतो. रिक्षा गल्लीत येत नाही, ठेला सांगतो."

एक नाव चुकलं होतं. मी दादाकडे पाहिलं आणि वाटलं, हा आता "हं" म्हणेल, आणि तो "हं" मला जन्मभर पुरेल.

"बाड उघडंच ठेव, काशीनाथ," दादा म्हणाला. "शरू, पेन घे."

मी पेन घेतलं.

"लिही. भाद्रपद वद्य अष्टमी. यजमान निवृत्ती जगदाळे ह्यांस पूर्वजांचे एक नाव चुकीचे सांगण्यात आले. सांगणाराने लेखनापूर्वी स्वतः हात धरून दुरुस्त केले. लिहिलंस? वाच."

मी वाचलं. काशीनाथ म्हणाला, "काका, पर शर्त होती."

"शर्त मीच घातली होती. तेव्हा मला वाटत होतं, नाव चुकणार नाही असा माणूस हवा. आमच्या बाबांकडून दोन नावं चुकलेली मला माहीत आहेत. माझ्याकडून किती, ते मला माहीत नाही, आणि हेच वाईट. यजमानाचा हात कुणी धरला नाही, ना बाबांनी ना मी." तो माझ्या दिशेने वळला. "ती फाइल दुरुस्त कर. पुसू नको, यजमानाला ताटकळत ठेवायचं नाही. पण उघडली की कोणती नामावळी ते मोठ्याने म्हण. मला ऐकू येतं अजून."

"म्हणीन," मी म्हटलं.

"आणि खाली हस्ते घाल."

घरच्या माणसाने बाडात काही लिहिलं की त्याखाली हस्ते म्हणून त्याचं नाव येतं. हस्ते नरहर. त्याआधी हस्ते वासुदेव, ते आमचे वडील. त्याआधी हस्ते विष्णु, हस्ते दत्तात्रेय. पानंच्या पानं. बायकांची नावं बाडात आहेत, पण कुणाची आई, कुणाची पत्नी, कुणाबरोबर आली म्हणून. मी लिहिलं, हस्ते शरदिनी वासुदेव पुराणिक. वासुदेवातला दे जरा वाकडा आला. काशीनाथ ते वाचून उठला आणि चपला शोधायला लागला.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. दादाला म्हटलं, "दोनशे वर्षांत पहिल्यांदा बाईचं नाव इथे आलं, आणि तेही चूक केली म्हणून."

दादाने बाड चाचपून मिटलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आमची नावं बापाचे मुलगे म्हणून आली, शरू. काही केलं म्हणून तुझं एकटीचंच आलंय."